एका चमच्याची खोली

रविवारची पहिली घंटा झाली की आमच्या होल्डर्बाखच्या बाया टोपली आणि सुरी घेऊन गढीत जातात. गढी म्हणजे आमचं चर्चच. मधे चर्च, भोवती तीन तट, तटांना बुरूज. कार्पेथियनच्या खिंडीतून तुर्क आले, तातार आले. प्रत्येक वेळी आमच्या लोकांनी धान्य, गाई, पोरंबाळं आत ओढली, दाराला अडसर घातला आणि वरच्या झरोक्यांतून उकळतं पाणी ओतलं. आता तुर्क नाहीत, पण बुरूज आहेत. एका बुरुजात अजून गावभरच्या घरांचं खारवलेलं डुकराचं मांस टांगलेलं असतं, प्रत्येक लादीवर त्या त्या घराचा शिक्का. रविवारी आपल्या लादीतून आठवड्यापुरता तुकडा कापायचा आणि कापलेल्या तोंडावर बुरूजवाल्याकडून पुन्हा शिक्का मारून घ्यायचा. विश्वास देवावर ठेवावा, शेजाऱ्यावर नाही, असं आमच्याकडे म्हणतात. खोटं काय आहे त्यात?

तर त्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी आग्नेटा अशीच टोपली घेऊन आली. रांगेत उभी राहिली, शेजारणीशी कोबीच्या लोणच्याबद्दल बोलली. तिची पाळी आली तेव्हा तिने नवऱ्याच्या, मर्टेनच्या, घरच्या लादीवर सुरीने मधोमध रेघ ओढली आणि थीसला म्हणाली, "इथून दोन कर. अर्धी माझी. माझ्या अर्धीवर वेगळा शिक्का मार."

थीस म्हणजे आमचा घंटेवाला. बुरुजाच्या किल्ल्याही त्याच्याकडेच. तो हसला. "अगं, शिक्का घराचा असतो. बाईचा कुठे असतो?"

"आजपासून असेल."

रांगेतल्या बायांनी माना वळवल्या. मग मागून तिची सासू, म्हातारी उर्सुला, कडाडली, "बघा हो, बघा! अवदसा आठवली हिला! भरल्या घरात फूट पाडायला निघालीय!"

"भरलं घर?" आग्नेटा वळली. "भरलं होतं, आई. तुमच्या लेकाने रिकामं केलं."

सगळ्यांना ठाऊक होतं. उन्हाळ्यात, गवतकापणीच्या धांदलीत, शेतावर जेवण न्यायला उशीर झाला म्हणून मर्टेनने तिला लाथ घातली होती. तिचं पोट तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. पोर गेलं. गावाने हळहळ केली, पाद्रीबाबांनी मर्टेनला एक रविवार सगळ्यात मागच्या बाकावर बसवलं आणि प्रकरण मिटलं. आग्नेटाचं मिटलं नव्हतं. तिला त्या घरात परत जायचं नव्हतं, मेलं तरी. बस्स, एवढंच तिला हवं होतं.

आता आमचे पाद्रीबाबा काही वाईट माणूस नव्हते. पण त्यांना एका गोष्टीचा भारी अभिमान. पाहुणा आला, बिशपसाहेबांचा माणूस आला, की दारूचा पहिला घोट पोटात जायच्या आत सांगायचे: आमच्या गावात तीनशे वर्षांत एक फारकत झालेली नाही! आणि मग पूर्वेच्या बुरुजाकडे बोट दाखवायचे. ज्या नवराबायकोचं पटत नाही त्यांना तिथल्या खोलीत पंधरवडाभर कोंडायचं. एक पलंग, एक टेबल, एक बाक, एक ताट, एक चमचा. दारातल्या झडपेशी येऊन दोघांनी मिळून 'आमचा समेट झाला' असं म्हटलं की दार उघडायचं. नाहीच म्हटलं, तर शेवटच्या संध्याकाळी खुद्द पाद्रीबाबांनी आत जाऊन त्यांच्याबरोबर त्याच ताटात त्याच चमच्याने जेवायचं आणि मग फारकतीच्या कागदावर सही करायची. नियम गावाला पाठ होता. पण ती शेवटची संध्याकाळ कुणी पाहिली नव्हती. जोडपी दोन-चार दिवसांत बाहेर यायची, एकमेकांचे हात घट्ट धरून, तोंडं पांढरीफटक. लोक म्हणायचे, बघा, पश्चात्ताप झाला! आणि ती जोडपी जन्मभर एकत्र राहायची. खोलीबद्दल मात्र अवाक्षर काढायची नाहीत.

उर्सुलाही तरुणपणी नवऱ्याबरोबर तिथे जाऊन आली होती. आता पाद्रीबाबांनी आग्नेटा आणि मर्टेनलाही तिथेच धाडलं. सोमवारी आग्नेटा गाठोडं घेऊन पूर्वेच्या बुरुजाच्या पायऱ्यांशी आली, तेव्हा म्हातारीने तिचं मनगट धरलं. आवाजात कालचा तोरा नव्हता.

"हो म्हणून टाक, पोरी. आत जायच्या आधीच म्हण."

"का?"

"मी... मी म्हटलं होतं," म्हातारी एवढंच म्हणाली आणि तिने बुरुजाच्या झरोक्याकडे बघायचंही टाळलं. आग्नेटाने मनगट सोडवून घेतलं.

खोली तशी चांगली होती. ठेंगणी, कमानदार छताची, एकच अरुंद झरोका, पूर्वी बाण सोडायचा तो. आमचे लोक पोपला मानायचे त्या जुन्या काळी ते छोटं प्रार्थनाघर होतं आणि कुण्या चिताऱ्याने चारही भिंती रंगवल्या होत्या. पुढे पंथ बदलला, चित्रं नकोशी झाली, भिंतींना चुना फासला. पण ओला चुना काही लपवत नाही, कुठल्याही गवंड्याला विचारा. पाऊस लागला की भिंत आतून पाझरायची आणि चुन्याखालची माणसं हळूहळू वर यायची. ऊन पडलं की पुन्हा आत. म्हणून पाद्रीबाबा दर वसंतात तिथे नवा हात मारून घेत. कितीही चुना लावा, उत्तरेच्या भिंतीचा एक कोपरा कधी पुरता पांढरा होत नसे.

दार लागलं. मर्टेन पलंगावर बसून बुटांकडे बघत राहिला. रुंद खांद्यांचा देखणा गडी, चारचौघांत मऊ बोलणारा. घरात दार लावलं की वेगळा.

"हौस फिटली?" तो म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"तुझं तोंड मीच झाकत होते इतके दिवस. आता तूच झाक."

संध्याकाळी थीसने झडपेतून ताट सरकवलं. मक्याचा घट्ट सांजा, वर तळलेल्या मांसाच्या फोडी, कांदा. आणि लाकडी चमचा. मर्टेनने चमचा पुढे केला. "घे, आधी तू जेव."

"नको बाई. तूच जेव. उशीर झाला तर लाथ घालशील."

त्याने चमचा आपटला. शेवटी आग्नेटाने चमच्याच्या दांड्याने सांज्यात रेघ ओढली: ही बाजू तुझी, ही माझी. तो जेवला, मग ती जेवली आणि तिने आपल्यातला घासभर सांजा, दोन फोडी सकाळसाठी ठेवल्या. पलंगावर मधोमध गाठोडं ठेवून दोघं दोन कडांना झोपली.

सकाळी ताट चाटूनपुसून लख्ख.

"खा खा सुटली होती का रे? माझ्या वाटचं सुद्धा?"

"मी? मी हललोसुद्धा नाही! तूच उठून खाल्लंस आणि माझ्यावर ढकलतेस. चोराच्या उलट्या बोंबा!"

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या वाटचं ठेवलं, मुद्दाम, ताटावर आपली टोपी पालथी घालून. सकाळी टोपी तशीच. खाली ताट रिकामं, आणि चमचा ओला. मर्टेनने तो चमचा हातात घेतला आणि पटकन खाली ठेवला.

"गार आहे," तो म्हणाला. "बर्फासारखा."

"उंदीर असेल," आग्नेटा म्हणाली. उंदीर चमचा वापरत नाही हे दोघांनाही कळत होतं. पण तोंडातून काढायचं कुणी?

मग पाऊस लागला. दिवसभर तटावरून, छपरावरून, पन्हाळ्यांतून नुसता पाण्याचा आवाज. भिंतीला घाम सुटला. दुपार कलता कलता उत्तरेच्या भिंतीवर आधी तांबडं काहीतरी दिसू लागलं, मग हिरवट, मग चेहरे. शेवटच्या निवाड्याचा दिवस काढला होता चिताऱ्याने. मधे देवदूत मिखाएल, हातात तराजू. एका बाजूला तरलेले जीव, नीटनेटके, कंटाळवाणे. दुसऱ्या बाजूला पापी, सगळे एका लांब दोरीत ओवलेले, आणि दोरी ओढणारा एक वाकड्या नाकाचा सैतान.

"हा बघ," मर्टेन म्हणाला. कोंडून घातलेला माणूस किती वेळ गप्प बसणार? "हुबेहूब तुझा भाऊ."

"आणि तो दोरीतला ढेरपोट्या? तुझा बापच की."

मर्टेनला हसू आलं. आग्नेटालाही आलं असतं. तेवढ्यात तिची नजर दोरीच्या शेवटाशी गेली. सगळे पापी समोर बघत होते, नरकाच्या आगीच्या जबड्याकडे. शेवटी एक बाई होती. लग्न झालेल्या बायकांसारखं डोक्याला कापड बांधलेली. तिची मान वळलेली होती. ती आगीकडे बघत नव्हती. ती टेबलाकडे बघत होती. तोंड थोडं उघडं, घास भरवायच्या आधी लहान मूल उघडतं तसं.

"ही... ही इकडे का बघतेय?" मर्टेनने विचारलं.

 संध्याकाळचं ताट आलं. बाहेर अजून थोडा उजेड होता, करड्या रंगाचा. आग्नेटाने ताट टेबलावर ठेवलं, शेजारी चमचा ठेवला.

"हात टेबलावर ठेव," ती म्हणाली. "दोन्ही. मीही ठेवते. आज बघूच कोण कुणाचं खातं ते."

चार हात टेबलावर. तो बाकाच्या एका टोकाला, ती पलंगाच्या कडेवर, समोरासमोर. पाऊस. ओल्या चुन्याचा तिखट वास, आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, फार दिवस न उघडलेल्या तुपाच्या बरणीचा. हळूहळू हात नीट दिसेनासे झाले, पण दोघांनी बोटांना बोटं लावली होती. लग्नाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच असेल.

बाक करकरला. मर्टेनच्या बाजूला. कुणीतरी शेजारी बसावं तसा.

मग चमचा ताटावर घासला गेला. एकदा. थांबून पुन्हा. सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा. कर्र... कर्र...

"आग्ने..." मर्टेन कुजबुजला. "आग्ने, तुझे हात..."

"इथेच आहेत. तुझ्या हातात."

कर्र...

मर्टेन किंचाळत उठला. बाक उलटला, तो धडपडत दारापाशी गेला आणि झडपेवर मुठी आपटू लागला. "समेट झाला! उघडा! आमचा समेट झाला! देवासाठी उघडा!"

खालून पावलं आली. झडप सरकली, कंदिलाचा उजेड आत पडला. पाद्रीबाबा स्वतः आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! "शाब्बास, मर्टेन. ईश्वराने तुझं मन वळवलं. आणि तू, आग्नेटा? म्हण, पोरी. दोघांनी मिळून म्हणायचं असतं."

आग्नेटा ताटाकडे बघत होती. ताट रिकामं होतं.  दोन शब्द, आणि ती बाहेर. उजेडात. माणसांत. अंगातला कण न् कण सांगत होता, म्हण, म्हणून टाक. आणि मग तिला कळलं. सगळ्यांनी असंच म्हटलं होतं. म्हाताऱ्या उर्सुलाने असंच म्हटलं होतं. तीनशे वर्षांतल्या बायका या दारातून अशाच भिऊन बाहेर पडल्या आणि मार खायला परत गेल्या, आणि गाव म्हणालं, बघा, पश्चात्ताप झाला! तिच्या डोक्यात तिडीक गेली. भीती होती तिथेच राहिली, पण संताप तिच्यावर चढून बसला.

"नाही," ती म्हणाली.

"आग्ने!" मर्टेन तिच्या पायांशी आला. हो, पायांशी. "आग्ने, माझं चुकलं. पोराचं... माझं चुकलं गं. चल. पाया पडतो तुझ्या."

"हे तू मला सांगतोयस, की तिला?"

 एकदाच मान वळवून त्याने भिंतीकडे पाहिलं आणि डोकं तिच्या घागऱ्यात खुपसलं.

"तिला कुणाला?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"या ना आत, पाद्रीबाबा. ओळख करून देते."

ते आत आले नाहीत. कंदील क्षणभर भिंतीच्या दिशेने उचलला गेला आणि लगेच खाली आला. "पोरी, हट्ट सोड," ते हळूच म्हणाले. "माणूस हट्टाने आगीतून फुफाट्यात पडतो."

"मी आगीतच आहे. फुफाट्याचं कौतुक मला नका सांगू."

झडप बंद झाली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आग्नेटाने पुढे कुणाला फारसं सांगितलं नाही. मर्टेन कोपऱ्यात घोंगडी गुंडाळून बसायचा आणि प्रार्थना पुटपुटायचा. जेवायला टेबलाशी यायचा नाही. ती मात्र रोज टेबलाशी बसायची. पहिल्या दिवशी अर्धा सांजा तिच्या मांडीवर सांडला. दुसऱ्या दिवशी कमी सांडला. तिसऱ्या दिवशी ती आपला वाटा जेवली, चमचा आपल्या झग्याला पुसला, ताटाच्या पलीकडे ठेवला आणि रिकाम्या बाकाकडे बघत मोठ्याने बोलली. मोठ्याने, कारण हळू बोलली असती तर आवाज कापला असता.

"घे. जेव. भुकेचा राग नाही मला. कुणी तुला इथे उपाशी ठेवलं, कोण तुझ्या वाटचं जेवलं, मला ठाऊक नाही. पण बाई, एक सांगते. इतकी वर्षं तू इथे बसतेस, आणि तुझ्या भीतीने आमच्या बाया त्यांच्याकडेच परत जातात ज्यांच्यापासून पळून आल्या. लाज नाही वाटत? त्या पाद्र्याचं काम तू करतेस, फुकट! बसायचंच तर त्यांच्या उरावर बस. आमच्या का?"

कोपऱ्यातून मर्टेन कण्हला, "बोलू नकोस तिच्याशी... पाया पडतो, बोलू नकोस..."

बाक करकरला नाही. चमचा हलला नाही.  आणि आग्नेटाला वाटलं, समोर कुणीतरी ऐकतंय. घास हातात धरून, खायचं थांबून ऐकतंय.  तरी ती उठली नाही. त्या संध्याकाळपासून ताटातलं कुणी नेलं नाही.

शेवटची संध्याकाळ आली. खाली तटाच्या आत अर्धं गाव जमलं होतं, जत्रेला जमतं तसं. पाद्रीबाबा काळा झगा घालून, बगलेत कागद, हातात मेणबत्ती घेऊन आत आले. थीसने रीतीप्रमाणे बाहेरून कडी लावली. कडीचा आवाज झाला तसे पाद्रीबाबा दचकले.

"शेवटचं विचारतो," ते म्हणाले. "आग्नेटा?"

"नाही."

"मर्टेन?"

"हो! हो! मी कधीपासून हो म्हणतोय!"

पाद्रीबाबा बाकावर बसले आणि त्यांनी मर्टेनला शेजारी बसवलं. आग्नेटा समोर. कोबीचं आंबट सार होतं, त्यात मांस. त्यांनी प्रार्थना म्हटली, पहिला चमचा स्वतः घेतला, मग मर्टेनला दिला, मग तिला. पुन्हा तीच फेरी. मेणबत्ती सरळ जळत होती. पाद्रीबाबांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. ते हवापाण्याचंही काही बोलू लागले, यंदा बर्फ लवकर पडेल वगैरे.

आणि बोलता बोलता ते बाकावर थोडे सरकले.

रविवारी उशिरा आलेल्या माणसाला आपण बाकावर जागा करून देतो ना, तसे. सवयीने, न बघता, झगा सावरून घेत. स्वतःच्या आणि मर्टेनच्या मधे त्यांनी एका माणसापुरती जागा केली. आणि मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. चमचा त्या वेळी त्यांच्या हातात होता. तो हात आपोआप उजवीकडे वळला, मधल्या रिकाम्या जागेकडे, पुढच्याला चमचा द्यावा तसा, आणि मोकळा परत आला. मर्टेनने डोळे गच्च मिटून घेतले होते. सार कमी होत गेलं. 

"कागद," आग्नेटा म्हणाली.

पाद्रीबाबांनी सही केली. एवढ्या सुंदर अक्षराचा माणूस, पण ती सही बघाल तर लहान पोराने गिरगटल्यासारखी आहे.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"आधीच्या पाद्र्यांनी सांगितलं होतं, दरवर्षी चुना लावायचा," ते पुटपुटले. "का, ते नाही सांगितलं. मी... विचारलं नाही."

"तीनशे वर्षांत एक फारकत नाही! मिरवत होतात ना? तुमचं काय होतं त्यात? सगळं त्या भिंतीचं होतं."

थीसने दार उघडलं. आधी पाद्रीबाबा बाहेर पडले, अंगण ओलांडून सरळ घरी, कुणाकडे न बघता. मग आग्नेटा, काखेत गाठोडं, हातात कागद, मान ताठ. जमलेल्या बायांनी वाट दिली. कुणी तोंडाला हात लावला, एकीने मात्र तिच्या खांद्याला हळूच स्पर्श केला. शेवटी मर्टेन उतरला, भिंत धरत धरत. तो खाली पोचला तरी थीस वरती दार धरून उभाच होता, टोपी काढून, बाजूला सरकून. जरा वेळाने त्याने टोपी घातली आणि कडी लावली. त्याच्या या वेडेपणाकडे कुणी लक्ष दिलं नाही; सगळं गाव आग्नेटाकडे बघत होतं.

आग्नेटा भावाच्या घरी राहायला गेली. गावाने चार दिवस नावं ठेवली, मग सवय झाली. रविवारी ती बुरुजात गेली की तिची अर्धी लादी वेगळ्या आकड्याला टांगलेली असायची, आणि थीस मुकाट्याने तिच्यावर नवा शिक्का मारायचा. पुढच्या वर्षात आणखी दोघींनी पाद्रीबाबांचं दार ठोठावलं. त्यांना कुणी पूर्वेच्या बुरुजात पाठवलं नाही.

पण ते पुढचं. मर्टेन आला तो त्याच हिवाळ्यात, नाताळच्या आधी, भर दुपारी. गुडघाभर बर्फ पडलं होतं आणि वरती लख्ख ऊन. आग्नेटा ओट्यावर कणीक मळत होती. फाटकाची घंटी वाजली तशी ती हात न धुताच बाहेर गेली.

आधी तिने त्याला ओळखलंच नाही. खांदे गळलेले, गालांची हाडं वर आलेली. चांगल्या खात्यापित्या घरचा गडी, आणि अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं.

"घरी चल," तो म्हणाला.

"नाही."

"मारणार नाही. शप्पथ. हातसुद्धा उचलत नाही आता मी." तो फाटकाला धरून उभा होता, आणि एकदाही त्याने मागे वळून पाहिलं नाही. "आई मामाकडे निघून गेली. म्हणाली, मी एकदा सोसलंय, पुन्हा नाही. मी एकटाच... आग्ने, ती भिंतीतली काही बोलत नाही. काही करत नाही. फक्त जेवायला बसलं की समोर बसते. आणि मी पहिला घास कधी घेतो याची वाट बघते."

आग्नेटाला दया आली का? आली. खोटं कशाला बोलावं. एकेकाळी या माणसासाठी तिने केसांत फुलं माळली होती. तिने कणकेने भरलेले हात झग्याला पुसले आणि एका हाताने अडसर धरला.

"मग घे घास," ती म्हणाली. "मी सुद्धा तुझ्यासमोर बसून वर्षानुवर्षं जेवले. भीतीने कुणी मरत नाही, मर्टेन. बायका तर नाहीच मरत."

तिने फाटकाला अडसर घातला. तो बर्फातून वाट काढत उताराला लागला.

ती आत येऊन पुन्हा कणकेला लागली. तिची वहिनी रोझिना खिडकीशी उभी होती, काचेवरची वाफ हाताने पुसत.

"मर्टेन होता ना?"

"हो."

"किती खंगलाय गं." रोझिना अजून खाली उताराकडेच बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली. "आणि त्याच्याबरोबर ती कोण बाई आहे? एवढ्या बर्फात अनवाणी चाललीय."

आग्नेटाने कणीक उचलून ओट्यावर आपटली, दुमडली, पुन्हा आपटली.

"त्याची बायको," ती म्हणाली.